बोथटपणाचा दाखला

आमच्या नातीचा पहिला दात पडला आणि माझा शेवटचा पडला, त्या वर्षी मी तलवार विकत घेतली. दोन्ही दात एकाच आठवड्यात पडले. तिच्या दाताचं घरभर कौतुक झालं, तो कापसात गुंडाळून डबीत ठेवला गेला. माझा कुठं गेला ते कोणी विचारलंसुद्धा नाही. दातांचा आणि तलवारीचा तसा काही संबंध नाही, पण आमच्या घरात वर्षं लक्षात ठेवायची हीच रीत आहे.

तलवारीला कारण झाला एक खिळा. मुलानं नवं घर घेतलं होतं, दुसऱ्या मजल्यावर. बैठकीची भिंत चांगली लांबरुंद, आणि तिच्या बरोबर मधोमध आधीच्या मालकानं वीतभर लांबीचा खिळा ठोकून ठेवलेला. तो कशासाठी ठोकला हे तो सांगून गेला नाही. उपटायला जावं तर भिंतीचा पोपडा हातात यायचा. माझ्या बायकोनं त्यावर भाजीची पिशवी लटकवली. सूनबाईंनी ती काढून ठेवली. मग बायकोनं छत्री लटकवली. तीही निघाली. दोघी एकमेकींना अवाक्षर बोलत नव्हत्या, सगळं बोलणं खिळ्यामार्फत चालू होतं.

वरच्या मजल्यावर एक निवृत्त हेडक्लार्क राहत. रोज सकाळी आमचं वर्तमानपत्र वाचायला ते आमच्याकडे येत, म्हणजे त्यांचं कोरं राही. त्यांनी एकदा चष्म्यावरून खिळा न्याहाळला आणि म्हणाले, "एवढ्या खिळ्याला साजेसं काहीतरी पाहिजे बुवा. भिंतीवरून घराची पारख होते." त्यांच्या स्वतःच्या भिंतीवर कचेरीनं दिलेलं उत्तम हजेरीचं प्रशस्तिपत्रक होतं, काचेच्या चौकटीत. मला तसलं काही कोणी दिलं नव्हतं. माझी हजेरी माझ्याच दुकानात होती, आणि ती मीच घेत असे.

पुढच्याच आठवड्यात बायकोनं मला पडद्याचं कापड आणायला पाठवलं. बाजारात भेटवस्तूंचं एक दुकान बंद होत होतं. काचेवर 'सगळा माल निम्म्या भावात' असं लिहिलेलं, आणि काचेमागं ती. लाल मखमलीचं म्यान, मुठीला सोनेरी मुलामा, मुठीच्या टोकाला तोंड वासलेला सिंह. सिंहाचा एक दात मोडलेला होता. त्यामुळे मला तो एकदम घरचाच वाटला.

"धार कशी आहे?" मी दुकानदाराला विचारलं.

"आजोबा, शोभेची आहे. धार असती तर मी ती अशी काचेत ठेवली असती का?"

त्यानं पावती लिहून दिली: शोभेची तलवार, बोथट, नग एक. मी ती दोनदा वाचली. मला अक्षरं पस्तिशीनंतर आली, त्यामुळे कागदावरचं काहीही मी दोनदा वाचतो, एकदा अक्षरांसाठी आणि एकदा अर्थासाठी. दुसऱ्या वाचनात 'बोथट' हा शब्द काट्यासारखा टोचला. पण सिंहाकडे बघून मी पावती घडी घालून खिशात ठेवली.

का टोचला, ते सांगायला हवं. माझा धंदा धार लावण्याचा. सुऱ्या, कात्र्या, न्हाव्यांचे वस्तरे, शिंप्यांच्या मोठ्या कात्र्या. माझ्या बापाचाही तोच. त्याचं दुकान नव्हतं. चाक खांद्यावर घेऊन तो दारोदार फिरायचा, आणि माझी थोरली बहीण, अक्का, त्याच्याबरोबर चाक फिरवायला जायची. बाप पातं धरायचा, अक्का दांडा फिरवायची. मी सात वर्षांचा झाल्यावर माझी नेमणूक झाली, पण बाप मरेपर्यंत म्हणायचा, चाक फिरवावं ते पोरीनंच. तोच दाखला मी आयुष्यभर उरावर घेऊन फिरलो.

घरी आलो तेव्हा बायको दारातच होती.

"पडदे कुठायत?"

"पडद्यांचं मग बघू. हे बघ."

तिनं बघितलं. बराच वेळ बघितलं. मग ती आत जाऊन सूनबाईंना म्हणाली, "तुला हवं ते लाव बाई खिळ्याला. मी काही बोलणार नाही." दोघींचा समेट झाला तो त्या दिवशी. तलवारीचा हा एक गुण मात्र मान्य करायला हवा.

अक्का तेव्हा अठ्ठ्याहत्तर वर्षांची होती आणि आमच्याकडेच राहत होती. डोळ्यांत मोतीबिंदू, पण तोंडात अठ्ठावीस दात शाबूत. "आण इकडं," ती म्हणाली. तिनं पातं मांडीवर घेतलं, उजव्या अंगठ्याचं नख धारेच्या जागी टेकवलं आणि हलकेच सरकवलं. आमच्या धंद्यात धार डोळ्यांनी बघत नाहीत. धारदार पातं नखाला चिकटतं, बोथट असलं की घसरतं.

"घसरली," अक्का म्हणाली. "अरे, ही तलवार आहे की मोजपट्टी?"

"अक्का, शोभेची आहे ती."

"धारवाल्याच्या घरात भिंतीवर बोथट पातं. ही शोभा?"

तळमजल्यावरचा शिंपी तेवढ्यात कशाला तरी वर आला होता. "दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच," असं म्हणून तो निघून गेला. संध्याकाळपर्यंत सगळ्या इमारतीला कळलं.

मी तरीही ऐकलं नसतं. पण जेवताना अक्का म्हणाली, "बाबा नेहमी म्हणायचे, आठवतं का तुला? एकदा तरी तलवार यायला पाहिजे."

आठवत होतं. उभ्या आयुष्यात बापाकडे सुऱ्या आल्या, विळे आले, एकदा एका डॉक्टरची अख्खी पेटी आली. तलवार कधी आली नाही. त्याला शूरवीर व्हायचं नव्हतं, तो कोंबडीलासुद्धा घाबरायचा. त्याचं म्हणणं एवढंच की सुरीचं पातं वीतभर, कात्रीचं दोन विती. हात जरा रंगात आला की पातं संपतं. तलवारीला लांबच लांब पातं. हात मध्ये थांबवावा लागत नाही.

"मी चाक फिरवीन," अक्का म्हणाली. "तू नुसता धर."

बापाचं चाक आमच्या गॅलरीत होतं आणि त्यावर सूनबाईंची तुळशीएवढी उंच मिरचीची कुंडी होती. कुंडी उतरवली, चाकाला तेल दिलं, पट्टा नवा घातला. माझ्या दुकानातलं चाक पायानं चालायचं, पण तलवार दोन्ही हातांनी धरून इकडून तिकडे चालावं लागतं, पाय मोकळे हवेत. त्यामुळे दुसरं माणूस लागतंच, हे खरं होतं. चार दुपारी आम्ही दोघं त्या गॅलरीत होतो. आधी जाड दगड, मग बारीक दगड, मग चामड्याचा पट्टा. लोखंड हलकं होतं. हलक्या पात्यावर धार लवकर बसते आणि लवकर उतरते, म्हणून ती फार हळू, न रेटता काढावी लागते. मी दारापासून कठड्यापर्यंत चालत जायचो आणि परत यायचो, आणि चाकाचा आवाज सुरुवातीपासून शेवटपर्यंत एक. अक्काचा हात जरासुद्धा मागंपुढं झाला नाही. तिसऱ्या दुपारी ती मध्येच म्हणाली, "खरंच रे. थांबावं लागत नाही."

अर्थात सल्ले देणारे होतेच. समोरच्या गॅलरीतून एक बाई ओरडून सांगायच्या, "पाणी जास्त घाला!" शिंपी म्हणाला, फक्त एकाच बाजूला धार काढा, दुसरी बाजू पाहुण्यांसाठी ठेवा. हेडक्लार्क ठिणग्यांपासून आठ हात दूर उभे राहून म्हणाले, "याला परवानगी लागत असावी." मी लक्ष दिलं नाही. परवानगी कशाला लागत नाही?

चौथ्या दिवशी अक्कानं नख टेकवलं. नख चिकटलं. तिनं मुठीपासून टोकापर्यंत बोटाबोटावर टेकवून पाहिलं, सगळीकडे चिकटलं. तिनं नुसतं आपल्याशी हसून घेतलं. पन्नास वर्षांत मला तिच्याकडून एवढी मोठी शाबासकी मिळाली नव्हती.

संकटं सुरू झाली ती इथून. तलवार म्यानात घातली, तर ती म्यानाच्या खालून बाहेर आली. मखमल, पुठ्ठा, पातळ लाकूड, सगळं उभं चिरून. ते म्यान बोथट तलवारीच्या मापाचं होतं, त्याचा काही दोष नाही. मग सुतार बोलावला. खिळा बघून तो म्हणाला, "हा खिळा आरशाचा आहे, तलवारीचा नव्हे." म्हणजे ज्या खिळ्यासाठी तलवार आणली, तो तिच्या कामाचाच नव्हता. सुतारानं शेजारी दोन नवे आकडे मारले, जाड सुती दोरीचे दोन फास केले आणि त्यात तलवार आडवी, उघडीच टांगली. धारेची बाजू खाली. दोरी धारेखालूनच गेली होती. चाळीस वर्षं मी लोकांना सांगत आलो की कात्री कुठंही टांगू नका, तिला दोरी कळत नाही. आणि मी तिथं उभा राहून सुताराला म्हणालो, "वा, झकास!"

तिसऱ्या दिवशी सकाळी अकरा वाजता हेडक्लार्क त्या भिंतीखालच्या सोफ्यावर बसून आमचं वर्तमानपत्र वाचत होते. पाणी प्यायला म्हणून उठले. ते स्वयंपाकघराच्या दारापर्यंत पोचले आणि मागं धप्प असा आवाज झाला.

सोफा एका हातापासून दुसऱ्या हातापर्यंत उघडला होता. वरचं कापड, आतलं फोम, खालचं गोणपाट. तलवार लाकडी चौकटीत जाऊन थांबली होती आणि सिंह माझ्याकडे बघत होता. मी धावत गेलो, वाकून पाहिलं. कापलेल्या कडेला एकही धागा लोंबत नव्हता.

"वा! काय कापलंय!" माझ्या तोंडून निघून गेलं.

"मी तिथं बसलो होतो," हेडक्लार्क म्हणाले.

"होय हो, पण तुम्ही ही कड बघा ना!"

"अहो, मी तिथं बसलो होतो!"

बायकोनं कपाळावर हात मारून घेतला. सूनबाई सोफ्याकडे बघत होत्या. सोफा त्यांच्या पहिल्या पगारातला होता. त्या मला काही बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर बरं झालं असतं.

हेडक्लार्क तासाभरानं परत आले ते तीन प्रतींत अर्ज लिहूनच. धार असलेलं एवढं लांब पातं घरात ठेवायचं तर सरकारदरबारी कळवायला हवं, नाहीतर उद्या तलवार जायची आणि तुमच्यावर खटला व्हायचा, असं त्यांचं म्हणणं. "प्रामाणिक माणसानं आपण होऊन जावं," ते म्हणाले. याला हात दाखवून अवलक्षण म्हणतात, हे मला माहीत होतं. पण ज्या माणसाचे मी जवळजवळ दोन भाग केले होते, त्याला नाही म्हणवेना.

तलवार चादरीत गुंडाळून मी बसमध्ये चढलो.

"त्यात काय आहे, आजोबा?" कंडक्टरनं विचारलं.

"तलवार."

"असं का? मग घोडा कुठं बांधलात?" असं म्हणून त्यानं तिकीट फाडलं. सगळी बस हसली. खरं बोलण्याचा हा एक फायदा आहे, कोणी विश्वास ठेवत नाही.

पण बसला धक्के होते. प्रत्येक धक्क्याला पातं चादरीत थोडं थोडं उतरत होतं. पोलीस ठाण्याच्या फाटकापाशी मी उतरलो तेव्हा चादरीची शेवटची पट्टी गळून पडली, आणि एकोणसत्तर वर्षांचा, तोंडात दात नसलेला मी, हातात उघडी तलवार घेऊन ठाण्याच्या दारात उभा राहिलो. पहाऱ्यावरचा शिपाई एक पाऊल मागं सरला. आयुष्यात मला बघून कोणी मागं सरल्याची ती एकच वेळ.

आत हवालदारानं अर्ज वाचला, पावती वाचली, तलवार बघितली. मग पुन्हा पावती वाचली.

"ही पावती बोथट तलवारीची आहे," तो म्हणाला.

"होय."

"आणि ही धारदार आहे."

"होय." मला जरा बरं वाटलं.

"म्हणजे ही पावतीवरची तलवार नव्हे. मग ती बोथट कुठंय? आणि ही कुठून आणलीत?"

"तीच ही. मी धार लावली."

"आजोबा, कागदावर बोथट आहे. दोन तलवारी असल्या तर आत्ताच सांगा, लपवू नका."

"दोन नाहीत हो!"

"म्यान किती?"

"एकच. तेही फाटलं."

"एका म्यानात दोन तलवारी," तो शिपायाकडे बघून म्हणाला आणि त्यानं लिहायला घेतलं. मी इतकी वर्षं लोकांच्या सुऱ्या धारेवर धरल्या, आता माझी पाळी होती. शेवटी आतून साहेब आले. त्यांनी सगळं ऐकलं, पात्यावरून बोट फिरवलं, चटकन मागं घेतलं आणि बोट तोंडात घातलं.

"कोणी लावली म्हणालात ही धार?"

"मी."

साहेब माणूस समंजस होता. तो म्हणाला, "आजोबा, शोभेची वस्तू शोभेची असली तर माझं काही म्हणणं नाही. आठ दिवस देतो. बोथट करून आणा, आणि बोथट असल्याचा दाखला आणा. आठ दिवसांत आला नाहीत, तर तलवार जमा होईल आणि मला तुमच्यावर कागद करावा लागेल."

"दाखला कोणाचा?"

"त्या धंद्यातल्या माणसाचा."

"त्या धंद्यातला माणूस मीच."

"स्वतःचा दाखला स्वतःला देता येत नाही. दुसरा कोणी असेल ना?"

दुसरा होता. तेच तर दुखणं होतं.

घरी येऊन मी सांगितलं तेव्हा अक्का खुर्चीत बसली होती. तिनं सगळं ऐकून घेतलं. "चार दुपारी फिरवलं मी चाक," एवढंच म्हणाली, आणि हाताची बोटं मिटत उघडत बसली. रात्री तिनं नेहमीच्या निम्मंच खाल्लं. माझ्या मानापमानाचं सोडा, तो बाजारात रोज पडतो आणि रोज उचलता येतो. पण बापानं सबंध आयुष्य जिची वाट पाहिली, ती धार अक्कानं जेमतेम तीन दिवस भोगली होती, आणि आता ती मला स्वतःच्या हातानं घालवायची होती.

शेजाऱ्यांकडे उपाय भरपूर होते. पायरीवर घासा. समोरच्या बाई म्हणाल्या, तव्यावर तापवा. सुतार म्हणाला, माझ्याकडे द्या, माझ्याकडे आलेलं प्रत्येक हत्यार आपोआप बोथट होतं. हेडक्लार्कांनी वरच्या कचेरीत अपील करायला सांगितलं, तेही तीन प्रतींत. मी दोन दिवस घालवले आणि तिसऱ्या सकाळी मशीनवाल्याकडे गेलो.

मशीनवाला म्हणजे नऊ वर्षांपूर्वी माझ्या दुकानासमोर विजेचं यंत्र मांडून बसलेला गृहस्थ. पाटी: 'दोन मिनिटांत धार.' मी तेव्हा भर बाजारात, त्याला ऐकू जाईल असं म्हणालो होतो, "हा धार लावत नाही, पाती झिजवतो. बोथट करणं हाच याचा धंदा." गिऱ्हाइकं हसली, आणि पुढच्या महिन्यापासून त्याच्याकडेच जाऊ लागली. दोन वर्षांनी मी दुकान बंद केलं. नऊ वर्षांत आम्ही एक शब्द बोललो नव्हतो. आता मी त्याच्याकडे चाललो होतो, बोथट करून घ्यायला. बाजारातल्या प्रत्येक दुकानदारानं मान वर करून बघितलं असं मला वाटलं. बहुतेक कोणी बघितलं नसेल, पण अशा वेळी माणसाला पाठीवरसुद्धा डोळे असतात.

"या काका," तो म्हणाला. त्यानं स्टूल पुसून दिलं. मी बसलो नाही.

"ही बोथट करायची आहे," मी म्हणालो. "तुझा हात बसलाय त्यात."

हे मी घरून ठरवून आलो नव्हतो, आपोआप आलं. त्यानं तलवार घेतली, अंगठ्याचं नख टेकवलं. मग त्यानं मागं हात घालून यंत्राचं बटण बंद केलं. दुकानात एकदम शांत झालं. त्यानं नख पुन्हा टेकवलं, मुठीपासून टोकापर्यंत, अक्कानं टेकवलं होतं तसंच.

"काका, हे पातं हलकं आहे."

"हलकंच आहे."

"हलक्या पात्यावर ही धार?" त्यानं पातं उजेडाकडे धरलं. "चाक कोणी फिरवलं?"

इतक्या दिवसांत एवढ्या माणसांनी मला एवढे प्रश्न विचारले होते. हा प्रश्न धंद्यातल्याच माणसाला सुचतो.

"माझ्या थोरल्या बहिणीनं. अठ्ठ्याहत्तर वर्षांची आहे."

"एकसारखं फिरलंय. माझ्या यंत्राला असं जमत नाही." त्यानं तलवार दोन्ही हातांवर ठेवून मला परत दिली. "मी नाही मोडणार ही. बोथट झाली की दाखला देतो, पाहिजे तर घरी येऊन देतो. पण माझ्या हातून नाही व्हायचं."

तेव्हा मी स्टुलावर बसलो. त्यानं चहा मागवला. नऊ वर्षांचं बोलणं होतं, पहिला कप कमीच पडला.

घरी येऊन हे सगळं अक्काला सांगितलं. ती एकदम ताठ बसली.

"चाक कोणी फिरवलं, असं विचारलं त्यानं?"

"हो."

"मुलगा चांगला आहे. तू उगाच त्याला बोललास." मग म्हणाली, "अरे, धार मोडायची कशाला? खर्च कर. धार खर्च करायलाच असते. कापा म्हणावं सगळ्यांनी. पाच दिवसांत संपेल."

आणि तसंच झालं. घरातली सुरी बोथट होते तशीच, कापून कापून, तिला रीतसर बोथट करायचं ठरलं. पहिला मान अक्काचा. बायकोनं बाजारातलं सगळ्यात मोठं कलिंगड आणलं. मी अक्काच्या हातांना हात लावून मूठ धरायला दिली. तलवार वर गेली आणि खाली आली.

"आवाज नाही आला," अक्का म्हणाली. "चुकलं काय रे?"

आम्ही सगळे कलिंगडाकडे बघत होतो. ते होतं तसंच उभं होतं. मग नातीनं त्याला एक बोट लावलं, आणि त्याची दोन भकलं दोन बाजूंना पडली. नात किंचाळली, बायको किंचाळली. अक्का म्हणाली, "हं."

दुसऱ्या दिवसापासून जिन्यावर रांग. शिंप्यानं कापडाचे वीस थर एकावर एक आणले. समोरच्या बाईंनी भोपळा आणला, मग दुसरा भोपळा, मग नवऱ्याला आणलं, पण ते नुसतं बघायला. सुतारानं पुठ्ठ्याची खोकी आणली, आणि आकड्यांच्या कामाचे पैसे घेणार नाही म्हणाला. सूनबाईंनी चिरलेल्या सोफ्याचं फोम बाहेर काढलं, चौकोन आखले आणि स्वतः तलवार घेऊन आठ उशा कापल्या, इतक्या सफाईनं की मी त्यांच्याकडे नव्यानं बघितलं. "बाबा, मनगट असंच ना?" त्यांनी विचारलं. सोफ्यानंतर त्या माझ्याशी बोलल्या ते हे पहिलं वाक्य.

हेडक्लार्क तीन दिवस नुसते दारातून बघत होते. चौथ्या दिवशी ते दोन्ही हातांत गठ्ठे घेऊन उतरले. त्यांच्या कचेरीतल्या जुन्या कागदांच्या प्रती होत्या, तीस वर्षं जपलेल्या. "कागदानं धार लवकर जाते, असं ऐकलंय," ते म्हणाले. ते खरं आहे. पहिला गठ्ठा त्यांनी भीत भीत कापला. दुसऱ्याला त्यांनी सदऱ्याच्या बाह्या वर केल्या. पाचव्याला ते काहीतरी पुटपुटत होते, त्यांच्या जुन्या साहेबाचं नाव असावं. सगळे गठ्ठे संपल्यावर ते घामाघूम होऊन त्याच भिंतीखाली एका उशीवर बसले आणि म्हणाले, "अजून आहेत हो वर."

रोज संध्याकाळी अक्का नख टेकवून बघायची. "चिकटतेय." दुसऱ्या दिवशी "चिकटतेय, पण ओशाळून." पाचव्या संध्याकाळी नख सरकलं.

"घसरली," ती म्हणाली. "पण आता लाज नाही. कामानं गेलीय."

माझेही दात कामानंच गेले होते. मला ते पटलं.

तिचं नख मुठीकडे सरकत गेलं आणि थांबलं. मुठीजवळ चार बोटं जागा राहिली होती. तिथपर्यंत कापायचं काही आलंच नव्हतं.

"इथं चिकटतंय," ती हळूच म्हणाली. मग मला म्हणाली, "राहू दे."

आठव्या दिवशी सकाळी मशीनवाला आला. त्यानं अक्काला वाकून नमस्कार केला, तलवार घेतली आणि टोकापासून नख टेकवत मुठीकडे आला. शेवटच्या चार बोटांवर त्याचं नख चिकटलं. त्यानं वर पाहिलं. अक्का त्याच्याच दिशेनं बघत होती, दिसत काहीच नसलं तरी. त्यानं खिशातून पेन काढलं आणि लिहिलं: तपासली, कामाने बोथट झालेली आहे. खाली सही आणि त्याच्या दुकानाचा शिक्का. तो दाखला मी दोनदा वाचला.

ठाण्यात हवालदारानं दाखला बघितला, पावती बघितली, पात्याच्या मधोमध बोट फिरवलं.

"आता जुळली," तो म्हणाला. "ही पावतीवरची तलवार." त्यानं शिक्का उचलला आणि तो हवेतच थांबला. "पण मग ती धारदार कुठं गेली?"

मी साहेबांच्या खोलीकडे बघितलं. साहेबांनी आतूनच ओरडून सांगितलं, "मार रे शिक्का!"

तलवार आमच्या भिंतीवर आहे, या वेळी तारेवर. त्या खिळ्याला सूनबाईंनी आरसा लावला. सोफा नव्या कापडाचा झाला, त्यावर आठ उशा असतात, आणि हेडक्लार्क वाचायला बसतात ते अजूनही समोरच्या खुर्चीत. मशीनवाला दर रविवारी यायला लागला. एकदा त्यानं आपलं यंत्र खोलून अक्काला त्याचं चाक हातानं फिरवायला दिलं, आणि ती म्हणाली, हे घाई करतं.

बायको एकदा मला म्हणाली, "अहो, वन्संचं हे नख बघितलंत का?" अक्काच्या उजव्या अंगठ्याच्या नखावर बारीक बारीक आडव्या रेघा होत्या. भिंतीवरच्या तलवारीची मूठ तिच्या खुर्चीच्या बाजूला होती आणि हात वर केला की पोचत होता.

अक्का पुढच्या वर्षी गेली, नोव्हेंबरच्या सतरा तारखेला, सकाळी सव्वानऊला, खुर्चीतच. ती एकोणऐंशी वर्षांची होती.